ठिणगीची वेळ

निपाणी मागे पडून तवंदी घाटाची चढण लागली, की अजूनही आमचे कान नकळत इंजिनाकडे लागतात. त्याला कारण १९८१ सालच्या आश्विनातला एक प्रवास.

त्या वेळी आमच्यापाशी १०८९ घनसेंटिमीटरची जुनी फियाट होती. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटचीच इंजिने सुधारून शर्यतीत धावविली जातात, हे ऐकल्यापासून आमच्या डोक्यात वेगाचे वारे शिरले होते. ठिणगी जितकी लवकर तितकी अश्वशक्ती अधिक, असा आम्ही समज करून घेतला आणि कोणालाही न विचारता डिस्ट्रिब्यूटर सैल करून थोडा फिरविला. सपाट रस्त्यावर गाडी तल्लख झालीशी वाटली. मग काय विचारता! आम्ही स्वतःवरच खूष झालो.

कोल्हापुरास अंबाबाईचे दर्शन घेऊन मातोश्रींसह बेळगावास परतत होतो. घाटात इंजिनातून डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येऊ लागला. आम्ही पाय अधिकच दाबला. एका वळणावर धूर ओकून गाडी थांबली. पिस्टनला भोक पडले होते.

पुढे बेळगावच्या मिस्त्रींनी समजाविले, "साहेब, झोपाळा आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर मार आपल्याच हाताला, लांब गेल्यावर ढकलला तर हात वाऱ्यावर."

मर्म नेमके हेच. पेट्रोलच्या वायूला पेट घेण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन माथ्याला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. स्फोटाचा दाब माथ्यानंतर सुमारे १५ अंशांवर शिगेला पोहोचला, तर अश्वशक्ती सर्वांत अधिक मिळते. मिनिटाला १००० फेरे असताना क्रँक एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ६ अंश फिरतो, ६००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी हवी. परंतु चढणीवर मंद गतीने भार ओढणाऱ्या इंजिनाला तीच घाई मारक ठरते. ठिणगी उशिरा पडली, तर शक्ती धुराड्यावाटे वाया जाते. शर्यतीचे जाणकार शक्तिमापक यंत्रावर एकेक अंश सरकवून पाहतात आणि शक्ती वाढेनाशी झाली की तेथेच थांबतात. आम्हांला थांबणे ठाऊक नव्हते.

आता मोटारीतला संगणकच आवाजाचा कानोसा घेऊन ठिणगी मागेपुढे करतो. आमच्या फियाटीला तसा कान नव्हता आणि आमचे कान अहंकाराने बंद होते.

वडिलांच्या पश्चात आमच्या घरी कधी न चुकलेली सांजवात त्या दिवशी चुकली. मातोश्री रस्त्याकडेच्या दगडावर पदर सावरून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. मावळतीकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "दिवेलागण झाली रे."

पिस्टन आम्ही नवा बसविला. ती सांजवात मात्र राहिली ती राहिलीच.