विरारच्या पुढची रेघ

विरार मागे पडले की थोड्याच वेळात वैतरणा खाडीचे पूल लागतात. वाटेत एकेक स्टेशन येते: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड. आठ स्टेशने आणि ६४ किलोमीटरचा प्रवास. मुंबईकराला हा मुलूख म्हणजे केळव्याचा समुद्र, सातपाटीचे पापलेट आणि डहाणूचे चिकू. परंतु रोज या गाडीत दाराशी उभे राहून जाणाऱ्या माणसाला विचारा. त्याच्यासाठी हा पोटापाण्याचा रस्ता आहे.

वाचकहो, हा रस्ता एकदा डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखा आहे.

पालघरला उतरा. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक भर चौकात उभे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि हे गाव जिल्ह्याचे ठिकाण बनले. जिल्ह्यात आठ तालुके. त्यांपैकी जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या चार तालुक्यांनी रेल्वेचा रूळ पाहिलेला नाही. मुलाच्या जातीच्या दाखल्याचे काम अडले, जमिनीचा तंटा उभा राहिला, तर तिकडचा माणूस घाट उतरून एस.टी.ने येतो. जिल्हा जवळ आला खरा. पण डोंगरातल्या माणसाचा अख्खा दिवस अजूनही प्रवासातच जातो.

पुढे बोईसर. तारापूर औद्योगिक वसाहतीला नाव तारापूरचे, पण ती वसली आहे बोईसरच्या शेजारी. औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांचे कारखाने येथे आहेत. खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेली कुटुंबे बोईसरच्या चाळींत राहतात. सकाळची पाळी गाठायची तर घरातल्या बाईचा दिवस पहाटेच सुरू होतो. डबा, पाणी, मुलांची शाळा आणि मग तिची स्वतःची गाडी. एक गाडी चुकली तर दुसरी लगेच मिळत नाही आणि अर्ध्या दिवसाचा पगार हातचा जातो.

गाड्या कमी का? याचे उत्तर रुळांतच आहे. मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली. ती लोकल डहाणूपर्यंत कधी पोहोचली? १६ एप्रिल २०१३ रोजी! विरार ते डहाणू हे ६४ किलोमीटर ओलांडायला लोकलला १४६ वर्षे लागली. तोपर्यंत येथील माणसाने शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर दिवस काढले. शिवाय येथे जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच रूळ होते. गुजरात-राजस्थानच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल, सगळ्यांचा भार त्याच दोघांवर. एक्स्प्रेस मागून आली की लोकल बाजूला उभी राहते आणि आतला कामगार घड्याळाकडे पाहत बसतो.

यावर उपाय म्हणून विरार-डहाणू मार्गाच्या चौपदरीकरणाची योजना आली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली, त्यात या कामाचा समावेश आहे. आणखी दोन रूळ म्हणजे लोकलला स्वतःची वाट.

पण या एका पट्ट्यात आज किती रेघा ओढल्या जात आहेत पहा! मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून नेला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गावर बारा स्टेशने असून विरार व बोईसर ही त्यांतली दोन. वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या बंदरालाही रेल्वेचा फाटा जोडायचा आहे. प्रत्येक रेघ नकाशावर सरळ दिसते. जमिनीवर ती कुणाच्या वाडीतून, कुणाच्या खळ्यावरून, कुणाच्या झोपडीवरून जाते.

तरुण मंडळी विचारतात, मुंबईत मेट्रो झाली, मग आमच्याकडे का नको? प्रश्न रास्त आहे, पण हिशेब करून पाहू. जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुमारे साडेअकरा किलोमीटरची असून तिला बारा स्टेशने आहेत. म्हणजे किलोमीटरमागे एक स्टेशन. विरार ते डहाणू दोन स्टेशनांतले अंतर सरासरी आठ किलोमीटर पडते. दाट वस्तीच्या शहरात मेट्रो शोभते. विखुरलेल्या गावांना लोकल आणि तिला जोडणारी एस.टी. अधिक उपयोगी. शिवाय लोकलचा महिन्याचा पास ज्या पैशात निघतो, त्या पैशात मेट्रोचे रोजचे जाणे-येणे भागत नाही. उद्या बोईसर-पालघर वाढून एकमेकांना भिडले, तर मेट्रोचीही योजना येईल. तेव्हाही विचारायचे प्रश्न हेच राहतील: गाडी थांबणार कुठे? भाडे किती? पाळी सुटते त्या वेळेला ती असेल काय? आणि जागा कुणाची जाणार?

शेवटचा प्रश्न या भागाने फार पूर्वी अनुभवला आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. देशातले ते पहिलेच. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर गुजराण होती, त्या मच्छीमारांना समुद्रापासून दूर घरे मिळाली. घर मिळाले, पण होडी लावायची कुठे? हा वाद न्यायालयापर्यंत गेला. डोक्यावरचे छप्पर आणि हातातला धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी त्यातून शिकले पाहिजे.

म्हणून कायदा माहीत हवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाधित कुटुंब म्हणजे फक्त सातबारावर नाव असलेले नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात कसणारे कूळ, शेतमजूर आणि तेथील कामावर मुख्यतः पोट असलेले भूमिहीन कुटुंबही त्यात येते. त्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला साठ दिवस मिळतात. रेल्वे कायद्याखालील विशेष प्रकल्पांत मात्र तीसच दिवस. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक केले आहे. परंतु नोटीस लागते चावडीवर किंवा छापून येते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, आणि मजूर तेव्हा कामावर असतो. तीस दिवस जायला कितीसा वेळ लागतो!

घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर ती नोटीस वाचून आईवडिलांना समजावून सांगणे हे त्यांचे काम आहे. गट नंबर कोणता, हरकत कुणाकडे द्यायची, मुदत कधी संपते, हे वहीत लिहून ठेवा. भाड्याने राहत असाल तर भाड्याची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले जपून ठेवा. ग्रामसभेला फक्त पुरुषांनी जाऊन भागणार नाही. पहाटे गाडी पकडणारी बाई तेथे बोलली, तरच फलाटावर संडास, पादचारी पूल आणि रात्रपाळीनंतर उजेड असावा, हे कागदावर चढेल.

रेल्वे हवीच. रूळ आले म्हणून या भागात कारखाने आले, मुले कॉलेजात गेली, आजारी माणूस मुंबईच्या इस्पितळात वेळेवर पोहोचला. कोणत्याही नव्या रेघेला आंधळा विरोध करण्याचे कारण नाही. पण रेघ ओढणाऱ्याच्या हातात नकाशा असतो, तसा तो आपल्याही हातात असला पाहिजे. गाडी आपल्या दारावरून नुसती धडधडत जाणार की आपल्यासाठी थांबणार, हे रूळ टाकून झाल्यावर ठरत नाही. ते आधीच ठरते. त्या ठरवण्याच्या वेळी आपण हजर राहू या.