हे घर तुझंच आहे गं

माझी भाची लंडनला बॅरिस्टर आहे. हे वाक्य मी आजवर हळदीकुंकवाला किती वेळा बोलले असेन, देवच जाणे! पण ती नेमकं काय करते असं कुणी विचारलं, की माझी गाडी अडायची. "कोर्टात भांडते," एवढंच सांगता यायचं. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीकडे हॅरोला तीन महिने राहिले, तेव्हा ते समजलं. समजलं ते बरं झालं की वाईट, हे मात्र अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

तिचं काम घरादाराच्या आणि शेतीवाडीच्या तंट्यांचं. त्यातही खास करून असे तंटे, जिथे कागद नाही, मृत्युपत्र नाही, नुसता शब्द दिलेला आहे. तिकडे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, हा १८३७ सालचा कायदा. जमिनीचा करारही लेखीच हवा. मग तोंडी शब्दाला कोण विचारतं? भाचीने मला समजावून सांगितलं. तिचं मराठी मोडकंतोडकं, म्हणून माझ्या भाषेत सांगते. घर किंवा जमीन तुला मिळेल, असा भरवसा मालकाने दिलेला असावा. त्या भरवशावर समोरचं माणूस वागलेलं असावं. आणि तसं वागण्यात त्याचं काहीतरी गेलेलं असावं. पगार म्हणा, नोकरी म्हणा, उमेदीची वर्षं म्हणा. हे पटलं, तर आयत्या वेळी शब्द फिरवणं अन्यायाचं आहे असं न्यायाधीश म्हणू शकतात. याला ते लोक 'प्रोप्रायटरी एस्टॉपेल' म्हणतात. नाव भारी जड, पण गोष्ट आपल्या ओट्यापाशी घडणारी.

हातातल्या दाव्यांबद्दल ती घरात चकार शब्द काढत नसे. छापून आलेल्या जुन्या निकालांच्या गोष्टी मात्र रात्री भांडी पुसता पुसता सांगायची. सॉमरसेटच्या एका शेतकऱ्याची गोष्ट त्यातलीच. नात्यातल्या एका तरुणाने त्याच्या शेतावर जवळजवळ तीस वर्षं बिनपगारी काम केलं. म्हातारा मुलखाचा अबोल. शेत तुला देईन असं सरळ कधी बोलला नाही. १९९० साली फक्त विम्याचा एक कागद त्याच्या हाती दिला, आणि माझ्या मृत्युकराची ही सोय, असं काहीसं म्हणाला. एवढंच! तेवढ्यावरून २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने शेत त्या तरुणाचं ठरवलं.

दुसरी वेल्समधली एक मुलगी. बहिणी घर सोडून गेल्या, ही आईबापांच्या गाई सांभाळत राहिली. बरोबरीच्या पोरी नाचायला जायच्या, ही धारा काढायची. वर्तमानपत्रांनी तिचं नावच 'गोठ्यातली सिंड्रेला' पाडलं. तिला आधी तेरा लाख पौंड मिळाले. २०१६ साली वरच्या कोर्टाने ते पाच लाखांवर आणले. म्हणजे शब्द सिद्ध झाला तरी सगळं पदरात पडेलच असं नाही. काय गेलं आणि काय मिळालं, याचा हिशेब होतो.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती डर्बीशायरची बाई. १९३८ साली, सोळा वर्षांची असताना, एका घरात आठवड्याला दहा शिलिंगांवर कामाला लागली. पुढे त्या घरच्या एका मुलाबरोबर बायकोसारखी राहिली, पण लग्न झालं नाही. त्याची बहीण मनाने आजारी, तिचंही हिनेच केलं. १९४८ नंतर पगार बंद. घरातले म्हणायचे, तू जन्मभर इथंच राहा. १९७५ साली तो माणूस वारला आणि वारस म्हणाले, घर खाली कर! १९८० साली लॉर्ड डेनिंग यांच्यापुढे निकाल लागला, की तिने मरेपर्यंत तिथेच राहावं. ती त्या शब्दाखातरच राहिली होती हे तिने सिद्ध करायचं नाही. शब्द नसता तरी ती राहिलीच असती, हे उलट वारसांनी दाखवायचं.

हे ऐकताना हातातली कपबशी मी किती वेळ पुसत होते कोण जाणे.

मग एकदा तिच्याबरोबर कोर्टात गेले. तिकडे दावा चालताना कुणालाही मागे बसता येतं. साडेदहाला कोर्ट भरलं. कुठलं घर, कोण माणसं, ते सांगत नाही. पिंजऱ्यात साधारण माझ्या वयाची, थकलेली बाई. म्हाताऱ्या मामांचं तिने बारा वर्षं केलेलं. आणि माझी भाची होती समोरच्या बाजूने! किती शांतपणे विचारत होती: एवढी वर्षं तुम्ही भाडं दिलं होतं का? विजेचं बिल कोण भरत होतं? म्हणजे तुम्हाला राहायला फुकट जागा मिळाली, हे खरं ना? ती बाई नुसती कठड्याकडे बघत राहिली. दुपारच्या सुट्टीत भाचीपुढे पोळीभाजीचा डबा उघडला, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. "तुला लाज नाही वाटत?" मी म्हटलंच. ती म्हणाली, "मावशी, आलेलं काम आम्ही आवडीनिवडीने नाकारू शकत नाही. मागच्या महिन्यात मी अशाच एका बाईच्या बाजूने उभी होते. आणि तिच्याकडे साक्षीदार नव्हता."

साक्षीदार.

मैत्रिणींनो, आता मुद्द्याचं सांगते. आमच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे अक्का, एकतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मूलबाळ नाही. माहेरच्यांनी कोल्हापुरात बालवाडीत नोकरी बघून ठेवली होती. ट्रंक भरून झालेली. मी वाईच्या घरात वाल सोलत बसले होते. सासूबाई अक्कांना म्हणाल्या, "कुठं जातेस? हे घर तुझंच आहे गं. मी असताना, नि मी गेल्यावरही." अक्कांनी ट्रंक परत माळ्यावर टाकली. पुढे बावीस वर्षं सासूबाईंचं केलं, त्यातली शेवटची सहा अर्धांगवायूची. आम्ही गणपतीला जायचो, मोदक खायचो, नि अक्कांचं कौतुक करून परत यायचो.

२०२३ साली सासूबाई गेल्या. मृत्युपत्र नाही. तेराव्यानंतर घर विकायच्या गोष्टी निघाल्या. कुणीतरी म्हणालं, "अक्काला इतकी वर्षं आसरा दिलाच की आपण." अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा करत होते. ते गोळा केले आणि आत गेले.

परत आल्यावर सांगलीच्या वकिलांना भेटले. घर सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून घेतलेलं, त्यांच्या एकटीच्या नावावर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बाईच्या मिळकतीला पहिले वारस म्हणजे तिचा नवरा, मुलं, मुली, आणि आधी वारलेल्या मुलामुलींची मुलं. वारलेल्या मुलाची विधवा त्यात नाही. हेच घर सासऱ्यांचं असतं, तर अक्कांना हिस्सा होता! ऐकून मी थक्कच झाले. एस्टॉपेलचं तत्त्व आपल्याकडेही आहे, पण दावा म्हणजे वर्षांचा घोळ. घरातल्या घरात मिटवायचं तर हक्कसोडपत्रही चालायचं नाही, कारण ते हिस्सेदाराच्या नावे करतात आणि अक्का हिस्सेदारच नाहीत. रजिस्टर केलेलं बक्षीसपत्रच हवं.

त्या रात्री यांना सगळं सांगितलं. वाल, ट्रंक, शब्द, सगळं. दोन दिवस हे बोलले नाहीत. मग विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नणंदबाई फोनवर एका मिनिटात हो म्हणाल्या. धाकटे दीर म्हणतात, "आई मला असं कधी बोलली नाही." खरंही असेल, ते तेव्हा तिथे नव्हते.

मी वाईला गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "सासूबाई तुम्हाला म्हणाल्या होत्या ते मी ऐकलंय. कुणापुढेही सांगेन." त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुला आठवतंय? मला वाटायचं, ते मी एकटीनेच ऐकलं." मग उठून चहाचं आधण ठेवलं.

यांचा आणि नणंदबाईंचा मिळून दोन तृतीयांश हिस्सा. त्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांनी करून दिलाय. दीर दिवाळीला येणार आहेत. यावेळी चहा मी आधीच देऊन घेणार आहे, आणि कप गोळा करायला उठणार नाही.