वाडा कशावर उभा असतो?

गोव्यातल्या माणसाला जुनी घरं पाहायला परगावी जायची गरज नाही. चांदरला मेनेझिस ब्रागांझांचं घर आहे, लोटलीला फिगेरेदोंचं आहे, पेडण्याला देशप्रभूंचा वाडा आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की आपण हौसेने त्यांना अशा एखाद्या घरापाशी नेतो. झुंबरं, चिनी मातीच्या बशा, कोरीव खुर्च्या पाहून पाहुणे हरखतात, आपणही जरा छाती फुगवतो आणि घरी येऊन जेवतो. पण एवढं मोठं घर कशाच्या जोरावर उभं राहिलं, हे विचारायचं राहून जातं. गेल्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात चार दिवस काढले, तेव्हा या प्रश्नाने माझा पिच्छाच पुरवला.

सौंसर हे माझ्या बायकोच्या मावसबहिणीचं सासर. (यावरचे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेले आहेत.) नागपूरहून सावनेरमार्गे निघालं की राज्य बदलल्याचं पाट्यांवरून कळतं, माणसांच्या बोलण्यावरून नाही. पाट्या हिंदी, घरात मराठी. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५३ साली खालसा केलं, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण केला, त्यात हा मुलूख गेला. १९५६ साली नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्याला जोडले गेले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली त्यातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. संत्र्याच्या बागा, कापूस आणि बोली मात्र जिथल्या तिथं आहेत.

घरातल्या काकाजींनी (इकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात) पहिल्याच दिवशी फर्मावलं, "किल्ला पाहाचा असन तं देवगडले जा जी. नागपूर तिथलंच लेकरू हाय."

देवगड म्हटलं की आपल्याला हापूस आठवतो. हा देवगड सातपुड्यातला, गोंड राजांचा. सौंसरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं, सिल्लेवानीचा घाट चढायचा आणि मग मोहखेडच्या बाजूला वळायचं. भोवती खोल दऱ्या, सागाचं रान आणि मधल्या डोंगरावर किल्ला. दरवाजा, नगारखाना, कचेरी, खजिन्याची जागा, बादल महाल, आणि पाण्याचं मोती टाकं. पुष्कळसं पडलेलं आहे, पण जे उरलंय त्यावरून थाट कळतो.

इथल्या जाटबा राजाचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. म्हणजे सोळाव्या शतकात दिल्ली-आग्र्याच्या दप्तरात नोंद व्हावी एवढं हे राज्य मोठं होतं. पुढे बख्त बुलंद शहा हा कर्तबगार राजा झाला. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि हे नाव घेऊन परत आला. डोंगराखालच्या सपाट, काळ्या जमिनीचं मोल त्याला कळलं होतं. त्याने शेतकरी आणि कारागीर आणून वसवले आणि १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानीच तिकडे हलवली. तो १७३९ साली वारल्यावर पुन्हा वारसांचं भांडण लागलं, राणीने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि थोड्याच वर्षांत सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. गोंड राजा नागपुरातच नावापुरता राजा आणि पेन्शनीचा धनी होऊन राहिला.

देवगडची वाताहत लढाईपेक्षा या स्थलांतराने जास्त केली. वसूल डोंगर चढून येत होता तोवर नगारा वाजत होता. वसूल नागपूरला जाऊ लागला आणि नगारखान्याला झाडांनी विळखा घातला. हे आपल्याला नवीन नाही. जुन्या गोव्याची राजधानी अधिकृतपणे पणजीला यायला १८४३ साल उजाडलं, पण त्याआधीच तिथल्या महालांचे चिरे लोकांनी वाहून नेले होते. फरक एवढाच की जुन्या गोव्याला निदान फेस्ताची गर्दी होते. देवगडला आम्ही गेलो त्या दिवशी एक गुराखी आणि आम्ही पाच जण. मराठी माणसाचा इतिहास भोसल्यांपासून सुरू होतो, हिंदी पुस्तकात गोंड म्हणजे गढमंडल्याची राणी दुर्गावती. देवगड दोघांच्याही मध्ये राहून गेला.

दुसऱ्या दिवशी काकाजी एका मालगुजाराच्या वाड्यावर घेऊन गेले. घरात माणसं राहतात, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. सागवानी खांब, ओसरीत बंगई (म्हणजे झोपाळा), वर माडी, मागे गुरांचे गोठे आणि जमिनीत धान्याची पेवं. एक बाजू पावसात बसलेली, दुसऱ्या बाजूला दोन खोल्यांत संसार. मालकांनी प्रेमाने संत्री खायला घातली आणि माडीवर जायची मात्र मनाई केली, कारण तक्तपोशी कुजली आहे.

मालगुजार म्हणजे मुळात वसूल गोळा करून सरकारात भरणारा. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमीनबंदोबस्तात त्यालाच गावाचा मालक ठरवलं. गावची मालकी आण्यांत मोजत, कुणी सोळा आण्यांचा मालगुजार तर कुणी आठ आण्यांचा. कुळाचा सारा तो घ्यायचा, ठरलेला हिस्सा सरकारला द्यायचा आणि उरलेल्यावर वाडा उभा राहायचा. मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने ही मालकी संपवली आणि ३१ मार्च १९५१ रोजी गावं सरकारजमा झाली. घर आणि स्वतः कसायची 'सीर' जमीन मालकाकडे राहिली. म्हणजे वाडा राहिला, पण वाड्याला पोसणारं गाव गेलं. तेव्हापासून पावसाळ्यागणिक एकेक भिंत जाते आहे.

परतताना काकाजी सहज म्हणाले, "माहे आजे इथं बेगारीले येत. लाकडं फोडाले, पेव भराले. पैसा कशाचा जी!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मघाशी त्याच ओसरीवर मालकांनी त्यांना आग्रहाने बंगईवर बसवलं होतं.

हे ऐकलं आणि मला आमचं घर आठवलं. आमचे आजोबा भाटकाराचे मुंडकार. चवथीला नारळ-केळी घेऊन जायचं ते मागच्या दाराने. बाल्कांवच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि भाटकाराने उठ म्हटलं तर झोपडी मोडून उठायचं. १९६४ चा कूळ कायदा, त्याची १९७६ ची दुरुस्ती, १९७५ चा मुंडकार कायदा हे इतरांना रुक्ष विषय वाटतील. माझ्या घरी १९७५ च्या कायद्यामुळे पहिल्यांदा स्वतःची जमीन आली. गावात राहत्या घराभोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घ्यायचा हक्क त्या कायद्याने मुंडकाराला दिला. माझी नोकरी एक-चौदाचे उतारे आणि म्युटेशनच्या फायली चाळण्यात चालली आहे. उताऱ्यावर 'कूळ' या रकान्यात एखादं नाव दिसलं की त्यामागचं मागचं दार मला दिसतंच.

त्या भाटकाराच्या घराला आज कुलूप आहे. आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे मुलगा-मुलगी सर्वांना वाटा. ते न्यायाचंच आहे. पण चौदा वारस, त्यातले काही लिस्बनला, काही मुंबईला, मग कौलं कोण शाकारणार? चांदरच्या त्या प्रसिद्ध घराचेसुद्धा दोन भाग झालेले आहेत, दोन कुटुंबांचे.

युरोपातही हिशेब वेगळा नव्हता. डेन्मार्कमध्ये फ्यून नावाच्या बेटावर एगेस्कोव नावाचा किल्लेवजा वाडा आहे. १५५४ साली पुरा झालेला, तळ्यात ओकचे खांब रोवून त्यावर बांधलेला, आजही धडधाकट आणि तिकीट काढून बघता येणारा. तिथली शेतकरी मुलं १७३३ ते १७८८ पर्यंत कायद्याने जमीनदारीला बांधलेली होती. जमीनदाराची हद्द सोडून जायची सोय नव्हती. बड्या जहागिऱ्या न विभागता एकाच वारसाकडे जात, म्हणून घरं अखंड राहिली. १९१९ च्या कायद्याने ती पद्धत मोडली आणि जमिनीचा काही हिस्सा लहान शेतकऱ्यांसाठी सोडावा लागला. फरक हा की तिथल्या बऱ्याच घरांनी पुढे दरवाजे उघडले, आणि ज्यांच्या पणज्याने तिथे वेठ केली ते लोक आज तिकीट काढून पुढच्या दाराने आत जातात.

वाडे पडले तर पडू देत, असं म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्या घरी काय घडलं ते माहीत असल्याने मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तरी मला वाटतं, वाडे राहायला हवेत. मालकाच्या वैभवासाठी नव्हे. पेव कोण भरत होतं, मागचं दार कुणासाठी होतं, हे दाखवायला दुसरा पुरावा आपल्याकडे नाही. कुळांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. त्यांच्या हाताची खूण आहे ती त्या भिंतींत आणि त्या पेवांत. भिंत गेली की मालकाची गोष्ट पुस्तकात उरते, बेगाऱ्याची कुठेच उरत नाही.

देवगडच्या लोकांत एक म्हण आहे, आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या. आकडा खरा-खोटा असो, बावड्या पुष्कळ आहेत, आणि अलीकडे रोजगार हमीच्या कामातून त्यांतल्या काहींचा गाळ काढून त्या नीट केल्या आहेत. हे काम मला फार आवडलं. ज्यांच्या पूर्वजांनी खणल्या असतील, त्यांनीच पुन्हा उपसल्या, आणि या वेळी मजुरी घेऊन.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा. नागपूरपर्यंत रेल्वे आहे, पुढे रस्ता चांगला आहे. चढायला पाणी बरोबर घ्या. आणि वर पोचल्यावर महालाआधी मोती टाकं बघा. एवढं पाणी त्या डोंगरावर कुणी साठवलं असेल, याचा विचार करायला तिथे भरपूर शांतता आहे.