मोठी आई

नात्याने मोठी आई आमची कुणीच नव्हती. आम्ही तिचे भाडेकरू. 1987 साली वडील कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला लागले आणि जुन्या वस्तीतल्या तिच्या घरामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार आला. तिचे पुतणे विदर्भातल्या रीतीप्रमाणे थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणत. त्यांचं ऐकून आम्ही म्हणू लागलो आणि हळूहळू सगळी गल्लीच.

तिचं वर्णन करताना कुणी मायेची मूर्ती वगैरे म्हटलं, तर तीच आधी हसली असती. जिभेने ती फटकळ होती. खोलीत कुणी नसताना दिवा जळताना दिसला की अंगणातून ओरडायची. साबणाची झिजलेली वडी नव्या वडीला चिकटवून वापरायची. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करायची आणि मग त्यालाच ओट्यावर बसवून चहा पाजायची. नवरा लवकर गेला होता. तीन मुलगे, पुढे तीन सुना, नातवंडं, माहेरी परतलेली विधवा नणंद आणि थोडी शेती, असा सगळा पसारा तिच्या एकटीच्या अंगावर होता.

शेतीतला मोठा भाग संत्र्याचा. आंबिया बहार आला की नागपूरचे व्यापारी बागा पाहायला येत आणि उभ्या झाडांचा सौदा होई. मोठी आई स्वतः बांधावर उभी राहून भाव ठरवायची. पण विहिरीजवळची दोन झाडं तिने कधी सौद्यात धरली नाहीत. व्यापाऱ्याने हात लावला तर ती म्हणायची, "थे सोड बापू, थे गल्लीचे हायेत." त्या झाडांची संत्री टोपल्यांनी घरोघर जायची. डिंक्या रोगाने बाग विरळ झाली त्या वर्षीही टोपल्या गेल्या, फक्त लहान झाल्या.

माझ्यावरचं तिचं ऋण मात्र संत्र्यांहून मोठं आहे. मी बारावी झालो आणि वडिलांच्या कारखान्यात टाळेबंदी आली. पगार महिनोन् महिने अडकले. नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण फी आणि रेल्वेचा पास दोन्ही जमेनात. वडिलांनी मला एखाद्या दुकानात चिकटवायचं ठरवलं होतं. हे तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही. एका संध्याकाळी तिने मला बोलावलं.

"काहून रे, तुले वाचता येते न चांगलं?"

"येते."

"मंग मले रोज गजानन विजयचा एक अध्याय वाचून दे. डोये गेले माहे. अन् बागेचा हिशेब लिहत जा. फुकट नाई, पगार देईन."

'गजानन विजय'चे अध्याय एकवीस. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. मी वाचायचो, ती वाती वळत ऐकायची, मध्येच एखाद्या ओवीवर थांबवायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजून द्यायची आणि हिशेबात चूक असली तर बोलायचीही. फीची रक्कम 'उचल' म्हणून आधीच हातात ठेवली होती. तिच्या घरात लिहिता-वाचता येणारी पाच-सहा माणसं होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. तिच्या डोळ्यांना तांदळातला खडा अचूक दिसतो, हेही दिसत होतं. पण ती इतक्या गंभीरपणे काम करून घ्यायची, की उपकाराचा विषय निघायला जागाच उरायची नाही. माझे वडील फार मानी होते. मदत म्हणून पैसे आले असते, तर त्यांनी परत पाठवले असते. मुलाचा पगार ते परत कसा पाठवणार?

भाद्रपदात तिच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. आदल्या रात्रीपासून पुरण, सोळा भाज्या, आंबील, कढी, भजी यांचा घाट चालायचा. आमंत्रणं अर्ध्या गावाला. पण पहिली पंगत शेतात राबणाऱ्या बायका-माणसांची, हा तिचा नियम होता. नात्यातल्या कुणी नाक मुरडलं, की ती सरळ सांगायची, "ज्यायनं पिकवलं थे आंधी जेवतीन." मग भाडेकरू, मग पाहुणे. घरचे मुलगे शेवटी.

30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव उद्ध्वस्त केलं, दोनशेवर माणसं गेली. बातमी कळली, तशी तिने सुनांना कणीक मळायला बसवलं आणि स्वतः कपाट उघडलं. मदत घेऊन काटोलकडे निघालेल्या गाडीत पोळ्या-चटणीची गाठोडी गेली, त्यांच्यासोबत सुनांची न नेसलेली लुगडीही गेली. जुनेर द्यायचं नाही, यावर ती अडून बसली होती. धाकटी सून थोडी रुसली. दिवाळीला तिला नवं लुगडं आलं आणि मोठ्या आईने स्वतःला त्या वर्षी काही घेतलं नाही.

मुलांची वाटणी झाली, तेव्हा मी हिशेब लिहायला होतो. तिघे भाऊ समोर बसलेले. तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते नणंदेबद्दल. "आंधी तिचा वाटा काढा, मंग तुमचा." नणंदेला मूलबाळ नव्हतं, मागणीही नव्हती. मुलं गप्प राहिली आणि बागेचा एक तुकडा तिच्या नावावर झाला. वाटणीनंतरही तिन्ही घरांची चूल सणाला एकच पेटायची. याचं कारण त्या दिवसाच्या त्या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं. आधी घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचं पाहिलं, त्यामुळे भांडायला कुणाला तोंड राहिलं नाही.

पुष्कळांना घर आणि गाव यांत निवड करावी लागते. कुटुंबावर जीव असलेली माणसं बाहेरच्यांना हात आखडून देतात आणि गावासाठी झिजणाऱ्यांची घरं उपाशी राहतात. मोठ्या आईची काटकसर घरासाठी होती आणि त्याच काटकसरीतून उरलेलं गावाला जात होतं. विझवलेल्या दिव्याचे पैसे कुठे गेले, ते मला फार नंतर समजलं. त्यातले काही माझ्या रेल्वेच्या पासात गेले होते.

शेवटची वर्षं तिची अंथरुणात गेली. सुना पाळी लावून करत होत्या. रुसलेली धाकटी सगळ्यांत जास्त करत होती. आम्ही भेटायला गेलो की मोठी आई आधी विचारायची, "जेवला का?" मग मुलाच्या शाळेचं.

ती गेली, तेव्हा तेरवीच्या पंगतीत तिच्या थोरल्या मुलाने मला आणि माझ्या भावाला घरच्या माणसांत वाढायला उभं केलं. पहिली पंगत तिच्याच नियमाने बसली.

तिचे पैसे मी नोकरी लागल्यावर परत देऊ केले होते. "पगार कोणी वापस करते का?" म्हणून तिने ते घेतले नाहीत. तेव्हा हे ऋण तिच्याकडे फिटणारं नाही. ते पुढेच द्यावं लागेल. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची ऐपत आहे, त्यांनी ओळखीतल्या एका मुलाची किंवा मुलीची फी जरूर भरावी. पण भरण्याआधी त्याला काहीतरी काम सांगावं आणि ते नीट करून घ्यावं.