सोमवार-गुरुवारची गोळी

१० फेब्रुवारी
पट्टीवर दोन रेघा. ह्यांना उठवलं आणि लगेच एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंना मेसेज केला. उत्तर आलं : "अभिनंदन! आजपासून कॅबरगोलिन बंद." आज सोमवारच. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी पाकिटात तशीच राहिली. दोन वर्षं सोमवार-गुरुवार कधी चुकवला नव्हता. गोळीविना रात्र फार मोठी वाटली.

११ फेब्रुवारी
आईला फोनवर पुन्हा सगळं समजावलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात माझी आठ मिलिमीटरची गाठ. कर्करोग नाही. पण ती दुधाचं हार्मोन, प्रोलॅक्टिन, भरमसाट सोडायची; त्यावरच ती गोळी होती. गोळीआधी पाळी थांबली होती आणि बाळ नसताना ब्लाउज ओला व्हायचा. एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणत आठ महिने घालवले. तो ब्लाउज मी बाथरूममध्ये लपून धुवायचे.

२४ एप्रिल
डोळ्यांची फील्ड टेस्ट. अंधारी खोली, हनुवटी टेकलेली, एक डोळा झाकलेला. पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यावर मधल्या ठिपक्यावरची नजर हलवायची नाही. कडेला प्रकाशाचा कण दिसला की बटण दाबायचं. गरोदरपणात सगळ्यांचंच प्रोलॅक्टिन वाढतं, त्यामुळे रक्त तपासून काही कळत नाही. गाठ वाढून डोळ्यांच्या नसांना टेकली, तर आधी दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. दहा मिलिमीटरच्या आतली गाठ शंभरांतल्या दोन-तीन जणींनाच असा त्रास देते, असं बाई म्हणाल्या. मी त्या दोन-तीन जणींचाच विचार करत बटण दाबत होते.
रिपोर्ट नॉर्मल.

२ ऑगस्ट
डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी. पोटभर जेवले.

१९ ऑगस्ट
पहाटे तीनला डोकं असं दुखलं की उजेड सहन होईना. "दिवस गेल्यावर दुखतंच डोकं," असं नणंदबाई म्हणाल्या. सासूबाईंनी मात्र चपला घातल्या होत्या : "आधी दवाखाना, मग बोलू." त्यांचं हे ऋण मोठं आहे. आधी बीपी, लघवीतलं प्रोटीन. मग कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता एमआरआय. ग्रंथी थोडी फुगलीय, पण नसांपासून लांब. गाठ जिथल्या तिथे. ज्यांना अशी गाठ आहे त्यांनी डोकं दुखलं, कडेचं अंधुक झालं, तर सकाळची वाट बघू नये.

१६ ऑक्टोबर
मुलगी झाली. दोन किलो नऊशे.

२० ऑक्टोबर
घरी आलो. पाजायला हरकत नाही. गोळी सध्या नाहीच, तिने दूध आटतं. पुढचा एमआरआय काही महिन्यांनी. दुपारी ब्लाउज ओला झाला. सासूबाईंनी तो धुऊन सगळ्यांच्या कपड्यांबरोबर गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला.