एका गाडीचे दोन भाव

तरुणपणी जी वस्तू परवडत नाही, ती म्हातारपणी गरजेची वाटू लागते, याला काय म्हणावे? निवृत्त झाल्यावर लोक काशीयात्रेला निघतात. मी मोटार घ्यायला निघालो!

आणि मोटार तरी कोणती? सिएरा! १९९१ साली आमच्या पिंपरीच्या टेल्कोतून ती बाहेर पडली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्याभोवती घुटमळत असू. अवघी तीन दारे, मागे छताकडे वळलेल्या भल्यामोठ्या काचा, बटण दाबताच उतरणाऱ्या पुढच्या खिडक्या. खालचा सांगाडा पिकअपचा आणि इंजिन डिझेलचे; तेव्हा शर्यतीत ती कुणाला हरवील अशातला भाग नव्हता. पण ऐट मात्र शर्यतीच्या गाडीची!

चाकण रस्त्यावर एका दलालाच्या आवारात एक सिएरा दिसली. भाव साडेचार लाख. मी दचकलो. तो म्हणाला, ''काका, २०२५च्या नोव्हेंबरात नवी सिएरा आली ना, तेव्हापासून जुनीला फार मागणी!''

घरी परतलो तो चिंचवडहून वहिनींचा फोन. आमच्या खात्यातला जुना मित्र गेल्याला वर्ष झाले होते. त्याची १९९६ची सिएरा दारात उभी होती.

''भाऊजी, एक दलाल पावणेदोन लाख देतो म्हणतोय. परक्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या ना त्या भावात.''

वर्णनावरून दलाल तोच, हे मी ओळखले. खोटे कशाला सांगू? क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. वहिनी आपण होऊन भाव सांगत होत्या. मी फक्त ''बरं'' म्हणायचे होते!

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दलालावर नुसते चिडणेही बरोबर नव्हते. तो जागेचे भाडे भरतो, गाडी दुरुस्त करतो, नफ्यावर १८ टक्के जीएसटी देतो, थोडीफार हमी घेतो. घरगुती व्यवहारात कर नाही, तशी हमीही नाही. वहिनींच्या गाडीला टायर हवे होते, दाराखाली गंज होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरणही यंदाच आले होते. या साऱ्याचे पाऊण लाख धरले. दलालाचे कष्ट आणि हमी यांचे पन्नास हजार. साडेचारातून ते वजा जाता उरले सव्वातीन.

पेन्सिल तिथेच थांबली. सव्वातीन आणि पावणेदोन यांतले दीड लाख कुणाचे? दलालाचे नव्हेत, तसे माझेही नव्हेत.

सकाळी वहिनींना हिशेब दाखवला. त्या गोंधळल्या. ''भाऊजी, घेणारा कधी भाव वाढवतो का?''

''मला परवडणार नाही असे वाटले, तर दुसरे गिऱ्हाईक मी शोधून देईन. पण सव्वातीनाखाली देऊ नका.''

कागद त्यांनी बराच वेळ निरखला. मग म्हणाल्या, ''हे असते ना, तर त्यांनीही असाच मांडला असता.''

एक ठेव मोडून गाडी मीच घेतली. २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर वहिनींनी सावकाश सह्या केल्या.

पत्नीने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाली, ''दीड लाख हातचे घालवलेत!'' मग निरांजन घेऊन गाडी ओवाळायला आली. पुढचे दार तिने स्वतःच उघडले आणि ऐटीत आत बसली.