कडेवरचे मूल

सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे सिल्वासाला राहावयास आलो, तेव्हा परमुलखात आल्यासारखे मुळीच वाटले नाही. माझ्या शासकीय नोकरीची उमेदीची वर्षे डहाणू-तलासरीकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात गेली. इकडेही तेच वारली, तेच कोकणा, तीच नागली. १९५४ च्या ज्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके उतरले होते, तो हाच प्रदेश.

खानवेलच्या बाजूच्या एका मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला 'शिक्षणप्रेमी' म्हणून घेतले. (हा शब्द ऐकून आमची सौ. मनापासून हसली.) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या असतात, बोलत मात्र क्वचितच.

त्या दिवशी एका कारखान्याचे प्रतिनिधी आले होते. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि सिल्वासात कारखान्यांना तोटा नाही. बाके, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, भिंतींची रंगरंगोटी अशी यादी त्यांनी वाचली. आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक आई हळूच म्हणाली, की तिची चौथीतली मुलगी महिनाभर शाळेत आलेली नाही. घरी दीड वर्षाचा भाऊ आहे आणि आईबाप दोघेही रोजंदारीवर कारखान्यात जातात. अंगणवाडीच्या वर्गात तीन वर्षांचे झाल्याशिवाय मूल घेत नाहीत.

यादीत यासाठी रकाना नव्हता.

मला एकदम जुनी गोष्ट आठवली. नोकरीत असताना एका शाळेच्या तपासणीला गेलो होतो. खिडकीबाहेर एक पोर कडेवर मूल घेऊन उभी राहून आतले पाढे ऐकत होती. मी तिला पाहिले आणि शेऱ्यात 'उपस्थिती समाधानकारक' असे लिहून सही केली. खोटे काहीच नव्हते. ती पटावर नव्हतीच.

वास्तविक कोसबाड तिथून फार लांब नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. धाकट्या भावंडांमुळे मुली अडतात हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिलाच विकासवाडी म्हणत. मी पाहुण्यांबरोबर तिथे जाऊन चहा घेतलेला माणूस! अभिप्रायाच्या वहीत काहीतरी गौरवपर लिहिलेही असेन.

रंगरंगोटीऐवजी गावातल्या दोन बायकांना मानधन द्यावे, त्या व्हरांड्यात लहानग्यांना सांभाळतील, असे मी सुचविले. प्रतिनिधी सज्जन होते. वस्तू देता येते, मानधनाचे वरती विचारावे लागेल, म्हणाले. हे वाक्य मी स्वतः इतक्या लोकांना ऐकविले आहे, की रागावण्याचा अधिकार मला नव्हता.

मुख्याध्यापकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला भावासकट बोलावून घेतले. आईने जुने लुगडे आणून व्हरांड्याच्या वाशाला झोळी बांधली. परवा गेलो तेव्हा भिंतींवर रंगीत पाढे आलेले होते. मुलगी दाराशी बसून भागाकार करीत होती, आणि दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला होती. मानधनाचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर तिसरा आहे. तो पहिला घ्यावा, असे पत्र मी दिले आहे.